धनी खाली हायती

पिंपरीत नवा कारखाना उभा राहत होता, त्या वर्षी कासारवाडीच्या सगुणाबाईला आणि तिच्या नवऱ्याला, सावळारामला, पवनेकाठच्या पंपघरावर काम मिळालं. सावळाराम दौलतराव मिस्त्रीच्या हाताखाली होता. सगुणाबाई रंभा नावाच्या शेजारणीबरोबर वाळू आणि पाणी वाहायची.

दौलतराव मिरजेकडचा. त्याचं काम बघत राहावं असं. मोटर आणि पंप चौथऱ्यावर समोरासमोर बसवले होते. दोन्हींचे दांडे एका रेषेत आणायला त्याने दिवसच्या दिवस घालवले. दांड्यांच्या जोडावर लोखंडी पट्टी धरायची, फटीत पातळ पातं सरकवून बघायचं, मोटरच्या पायाखाली कागदासारखा पितळी पत्रा सारायचा, बोल्ट आवळायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. पत्रा द्यायला सावळारामला जरा उशीर झाला की तो पान्याने त्याच्या बोटांवर मारायचा. जोरात नाही, पण सगुणाबाई बघत असली की हटकून.

"काय बाई, घरी तरी याचा हात वेळेवर चालतो का?" असं विचारायचा. रंभा हसायची. हसावंच लागायचं.

सावळाराम घरी आल्यावर बोटं तेलाने चोळत म्हणायचा, "काम शिकवतोय ना, मग मारू दे की."

नदीत सोडायच्या पाइपाच्या टोकाला एक झडप होती. भरलेलं पाणी खाली परतू नये म्हणून ती. झडपेवर जाळी हवी, नाहीतर खडे आत शिरतात. जाळी येताना वाटेतच फुटली. नवी मागवायची तर साहेबांना दिलेली तारीख चुकली असती. दौलतरावाने पाइप तसाच पाण्यात सोडला आणि सावळारामला बजावलं, "कुठं बोललास तर उद्यापासून येऊ नकोस."

पंप सुरू करायच्या दिवशी कारखान्याचे इंजिनिअर, यशवंतराव साहेब, सकाळीच येऊन उभे राहिले. सुरू करण्याआधी पंपात आणि पाइपात काठोकाठ पाणी भरावं लागतं. सगुणाबाई आणि रंभा नदीतून घागरी आणून वरच्या नरसाळ्यात ओतू लागल्या. ओतलेलं पाणी गुडगुड करत खाली जायचं आणि नरसाळं पुन्हा रिकामं. उन्हं चढली. चढणीवर रंभाचा पाय घसरला, गुडघा फुटला.

सगुणाबाई म्हणाली, "मिस्त्री, पाणी सगळं नदीतच चाललंय. झडप उघडी ऱ्हायली आसंल."

"तू घागर आण. अक्कल मी आणली आहे."

साहेब पंपघरात घड्याळाकडे बघायला लागले, तसं दौलतरावाने सावळारामला काठावर नेलं आणि खाली जाऊन झडप बघायला सांगितलं. सावळाराम कपडे काठावर ठेवून पाण्यात उतरला. पहिल्याच बुडीला झडपेत अडकलेला खडा घेऊन वर आला, पोरासारखा हसला.

"पुन्हा जा," दौलतराव काठावरून दबक्या आवाजात म्हणाला; घागरी भरणाऱ्या बायांनी ते ऐकलं. "आत हात घालून बघ, आणखी काही अडकलंय का."

सावळारामने दम भरून घेतला आणि खाली गेला.

दौलतराव पंपघरात परतला, तर बायांनी ओतलेलं पाणी या वेळी थांबलं. नरसाळं काठोकाठ भरलं.

"हं, भरलं! चला मिस्त्री," यशवंतराव म्हणाले.

"थांबा जरा, धनी खाली हायती," सगुणाबाई म्हणाली.

"आला असेल वर," म्हणत दौलतरावाने स्विच ओढला.

मोटर घुमली. जोड असा फिरला की फिरतोय हे कळू नये. दाबाच्या घड्याळाचा काटा चढून एका जागी थांबला. थोड्या वेळाने वरच्या टाकीशी उभ्या गड्याने आरोळी दिली, पाणी आलं! साहेबांनी दौलतरावाच्या पाठीवर थाप मारली.

सगुणाबाई काठाशी पळाली. कपडे होते. पाण्यावर काहीच नव्हतं. ती तशीच मागे धावत आली.

"बंद करा! वर आलं न्हाईत ते! बंद करा!"

दौलतरावाचा हात स्विचजवळच होता. त्याने तिच्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. बंद करायचं म्हणजे का ते सांगायचं, पाइप उचलायचा, जाळी नाही हे दाखवायचं.

"पट्टीचा पोहणारा तो," तो म्हणाला. "पलीकडं विडी ओढत बसला असेल."

तिने स्विचवर झेप घेतली. त्याने तिचं मनगट धरलं. साहेब घाबरून ओरडले, "बाई, हात लावू नकोस, मरशील!" तिने दौलतरावाच्या हाताला कडकडून चावा घेतला आणि स्विचचा दांडा खाली ओढला.

मोटर हळूहळू थांबली. सावळाराम काही वर आला नाही. शेवटी गड्यांनी दोर लावून पाइपच उचलला, तेव्हा तो पाइपाबरोबर आला. उजवा हात कोपरापर्यंत झडपेत होता.

"जाळी कुठे आहे?" यशवंतरावांनी विचारलं.

"बसवायला यालाच सांगितली होती, साहेब. आणि आज न विचारता पाण्यात उतरला. उकडत होतं म्हणून असेल."

"खोटं! या मिस्त्रीनंच धाडलं! रंभा, तू व्हतीस की, सांग!"

साहेब रंभाकडे वळले. रंभा फुटक्या गुडघ्यावर पदर दाबून बसली होती.

"मी वाळूकडं व्हते," ती म्हणाली. "मला न्हाई ठावं."

"काय हा निष्काळजीपणा," साहेब पुटपुटले. ते सावळारामबद्दल होतं. सगुणाबाईला ते कळलं, आणि त्या क्षणी तिचं रडणं थांबलं.

पाइप उचलताना पंप जागचा हलला होता. दौलतराव दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टी आणि पातं घेऊन बसला. या वेळी नवी जाळीही आली, मागितल्याबरोबर. पत्रा द्यायला आता रंभाचा नवरा होता.

दिवस घालून झाल्यावर सगुणाबाई पंपघराच्या दारात येऊन उभी राहिली. घरात दाणा नव्हता. दुसरीकडे कुठे जायचं ते तिला सुचलं नव्हतं. आत मोटर चालू होती. रंभाच्या नवऱ्याने तिला बघून पाठ केली.

दौलतराव हात पुसत बाहेर आला. मनगटावर दातांचे वण होते.

"काम हाय का?" तिने विचारलं.

"पाणी भरायला आता माणूस लागत नाही," तो म्हणाला. "झडप चांगली धरते."

सगुणाबाई मागे वळली. मग रुळाच्या कडेने चालत गेली, कासारवाडीच्या स्टेशनापुढे खडी फोडत होते तिथपर्यंत, आणि मुकादमाने विचारायच्या आधीच हातोडा उचलून बसली.