नळ सोडून चष्मा शोधताना

माझ्या सासूबाई रोज सकाळी पिण्याचं पाणी भरायला नळ सोडतात आणि चष्मा शोधायला जातात. चष्मा बहुतेक वेळा डोक्यावरच असतो. तोवर पाणी धो धो वाहत राहतं. सहा वर्षं मी त्यावरून कटकट करत आलेय. “आई, नळ!” हे आमच्या घरात दिवसाचं पहिलं वाक्य.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. मध्यंतरी आमच्याकडे नवे सेन्सर आले, बोटाएवढ्या पट्ट्या. पट्टी पाण्यात बुडवायची, वीज देऊन पाण्यातला धातू तिच्यावर जमवायचा आणि मग विजेचा दाब बदलत तो सोडवायचा. शिसं असलं की पडद्यावरच्या सरळ रेषेत ठरल्या जागी टेकाड उठतं. पट्ट्या नीट चालतात का बघायला साधं, चांगलं पाणी हवं होतं. मी आपलं घरचंच नेलं. सगळ्यांच्या आधी उठून बाटली नळाखाली धरली.

टेकाड उठलं. पट्टी बदलली, भांडी आम्लाने धुतली, तरी तेच. वैतागून मी वहीत ‘पट्ट्या सदोष’ असं लिहायला घेतलं.

शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठ तंत्रज्ञांना आम्ही शंकासुर म्हणतो, अगदी तोंडावर. त्यांनी माझी वही ओढून घेतली.

“पाणी कुठलं?”

“घरचं. चांगलं आहे हो.”

“कुणी सांगितलं? भरलं कधी?”

“सकाळी, नळ उघडल्या उघडल्या.”

“म्हणजे रात्रभर पाइपात मुरलेलं. जुना शिशाचा पाइप असेल, तर तेवढ्यात उतरतं. पट्टी खरं बोलतेय. तुम्ही पिता ते पाणी आणा.”

घरात तीन वर्षांची लेक आहे. तिचं पाळणाघर प्रयोगशाळेच्या पुढच्याच गल्लीत. मी धावत जाऊन तिची पाण्याची बाटली घेऊन आले. सकाळी आजीनेच भरून दिलेली.

पट्टीवर धातू जमायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मी कशी काढली, माझं मला माहीत. रेष सरळ आली.

“पुन्हा,” शंकासुर म्हणाले. तीनदा केलं. तिन्ही वेळा सरळ.

मी घरी फोन लावला. “आई, सकाळी नळ किती वेळ सोडून ठेवता हो तुम्ही?”

“झालं तुझं सुरू? अगं, चष्मा सापडत नाही लवकर. आज तर गाद्यासुद्धा उचलून बघितल्या.”

“मग कुठे होता?”

“ते विचारू नकोस.”

मला हसू आलं आणि रडूही. “आई, तुमचे उपकार आहेत माझ्यावर,” मी म्हणाले आणि रात्रभर मुरलेलं पाणी रोज कसं वाहून जात होतं, ते सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “आणि तू सहा वर्षं मला बोलत होतीस.”

लेकीचं रक्त तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही. पंधरा दिवसांत पाइप बदलला. शंकासुरांना मी मनापासून धन्यवाद दिले, तर ते म्हणाले, “नव्या पाइपाचंही पाणी आणा.” आणलं. रेष सरळ.

आता नळ सोडून ठेवायची गरज उरलेली नाही. तरी आज सकाळी जाग आली ती वाहत्या पाण्याच्या आवाजाने. बाहेर कपाटाची दारं उघडत होती, मिटत होती. कुशीतली लेक अर्धवट झोपेत माझ्याच सुरात म्हणाली, “आजी, नळ!”

“असू दे गं,” मी म्हटलं. “आजी चष्मा शोधतेय.”