शनिवारचा पास

आमच्या वाचनालयाच्या कार्डावर मत्स्यालयाचा फुकट पास मिळतो, पण पास एकच. दर एक तारखेला दार उघडताच मिसेस ऑल्डरिच महिन्याचे सगळे शनिवार स्वतःच्या नावावर लिहून घेते. आमचीच दुसरी सभासद डार्लीन तेव्हा इस्पितळात फरशा पुसत असते. तिच्या मुली मे महिन्यापासून पेंग्विन बघायचा हट्ट धरून बसल्यात.

आज एक तारीख. दार उघडताच ऑल्डरिचबाईनं गेल्या महिन्यात नेलेला पास परत आणून माझ्या टेबलावर टाकला.

"कसे होते पेंग्विन?"

"छे गं, एकदाही गेलो नाही! हाताशी असावा म्हणून नेते. फुकटच तर आहे. लिही, चारही शनिवार."

मी वही तिच्यापुढे सरकवली. चारही शनिवारांवर डार्लीनचं नाव होतं.

"दार तर आत्ता उघडलं!" ती किंचाळली.

"हो ना. किल्ली माझ्याकडे असते, बाई."