ओलीपासून जपलेला डबा

मस्कतहून परतलेला अय्युब सामान धुळ्याच्या घरी टाकून तसाच जळगावला निघाला आणि थेट तिथल्या मेहरूण भागात, लीलाधरच्या दारात उभा राहिला. लीलाधर सकाळपासून त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसला होता. एकेकाळी दोघं मिळून व्हिडिओ गेमची मशीनं दुरुस्त करायचे. त्यातला खरा वेडा अय्युब. जुन्या मशीनच्या कंपन्या बुडालेल्या, म्हणून तो आधी मूळ प्रोग्राम एका चिपवर उतरवून ठेवायचा आणि मग दुसऱ्या चिपवर त्यात मनासारखे फेरफार करायचा. पुढे एक सोडून सगळी मशीनं भंगारात गेली, चिपा तेवढ्या राहिल्या. परदेशी जाताना त्यानं त्यांचा डबा लीलाधरच्या हवाली केला होता. ओल लागू देऊ नकोस, एवढंच बजावलं होतं. आता त्या चिपांच्याच जोरावर धुळ्यात दुकान टाकायचं म्हणून तो नोकरी सोडून आला होता.

"बठ्ठं जसनं तसं शे," म्हणत, सगळं जसंच्या तसं असल्याची ग्वाही देत लीलाधरनं छाती फुगवून डबा पुढे केला.

लीलाधरकडे उरलेल्या एकुलत्या एका मशीनमध्ये अय्युबनं चिप बसवली. पडदा काळा. दुसरी बसवली, तिसरी बसवली, तरी काळाच. पडदाच बिघडला असेल म्हणून लीलाधरनं शेजारचा टीव्ही उचलून आणून जोडला. त्यावरही तेच.

अय्युबनं एक चिप निरखून पाहिली. तिच्या पाठीवर काचेची बारीकशी खिडकी असते. तिच्यावर चिकटवलेली काळी पट्टी कुठे गेली, असं त्यानं विचारलं.

लीलाधर हौसेनं सांगू लागला. पट्ट्यांना बुरशी धरली होती, म्हणून त्यानं त्या सोलून काढल्या आणि काचा पुसून लख्ख केल्या. शिवाय दर वैशाखात, डाळींना नि मिरच्यांना ऊन दाखवतात तसं, चिपाही परातीत पसरून आठ-आठ दिवस गच्चीवर ठेवल्या. जळगावचं ऊन ते, त्यापुढे ओलीची काय बिशाद!

अय्युब मटकन खाली बसला.

"त्या खिडकीतून ऊन आत गेलं, की आतलं सगळं पुसलं जातं, लीलाधरभाऊ."

लीलाधरच्या पायाखालची जमीन सरकली. अय्युबनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, पण तो नुसताच डब्याकडे बघत राहिला.

"अजून कुठे एखादी नक्कल ठेवली असशील ना?" लीलाधरनं कसंबसं विचारलं.

"तुझ्याकडे दिल्यावर दुसरीकडे कशाला ठेवू?" अय्युब म्हणाला.