पाचव्या बाटलीचा आकडा

प्रयोगाची वही तपासून परत आली, तेव्हा पहिल्या पानाच्या आधी उरलेल्या दातेरी कडेभोवती कुणीतरी पेन्सिलने गोल काढला होता. शेरा नाही, सही नाही, नुसता गोल. मला वाटलं, शिलाई सुटलीय असं सांगायचं असेल. दुसऱ्या दिवशी ईमेल आला. मंगळवारी सकाळी दहा वाजता विभागाच्या समितीसमोर हजर राहावे, वही आणि फाडलेले पान सोबत आणावे, पान नसल्यास तसे सांगावे. खाली आणखी एक ओळ होती: नोंदींत फेरफार आढळल्यास सत्र रद्द होऊ शकते.

ती शेवटची ओळ मी चार वेळा वाचली.

आमच्या कॉलेजातून इथे परदेशात एका सेमिस्टरसाठी एकच मुलगी पाठवायची होती, ती मी. इथले मार्क तिकडे धरले जाणार होते. ते शून्य झाले की माझं वर्ष गेलं. आणि नुसतं वर्ष गेलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. माझे बाबा शाळेत प्रयोगशाळा सहायक आहेत. त्यांनी तिथल्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात खडूने माझं नाव लिहिलंय, शेजारी 'परदेशी' आणि खाली 'पुसू नये'. दोन महिने सगळे शिक्षक त्या कोपऱ्याला वळसा घालून समीकरणं लिहितात. परत जाऊन मी त्या फळ्यासमोर उभी कशी राहणार होते?

आता मी काय केलं होतं ते सांगते. आमच्याकडे प्रयोग करताना जे खरडतो ते रफ. ते घरी न्यायचं, पट्टीने समास आखून छान अक्षरात जर्नलमध्ये उतरवायचं आणि रफ फाडून टाकायचं. बाबांनी हे मला सहावीपासून शिकवलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची, ठमे. कच्चं काम कुणाला दाखवायचं नसतं." ठमी म्हणजे मी, लहानपणी गुटगुटीत होते. तर इथेही मी पहिलं पान फाडलं आणि सगळं दुसऱ्या पानावर मोत्यासारखं उतरवलं. बाकीच्यांच्या वह्यांत खाडाखोड, शाईचे डाग, एकाच्या वहीवर तर कपाचा गोल. मला त्यांची कीव आली होती. इतकी शहाणी मी.

पण आणखी एक गोष्ट होती, ती ईमेलमध्ये नव्हती आणि मी कुणाला सांगितलीही नव्हती. प्रयोग सोपा होता. निळ्या द्रावणाच्या सात बाटल्या, प्रत्येकीत आधीच्यापेक्षा थोडा जास्त रंग. एकेक यंत्रात ठेवायची, यंत्र दाखवेल तो आकडा लिहायचा, आलेख काढायचा. सरळ रेघ यायला हवी. माझे सहा बिंदू रेघेवर शहाण्यासारखे बसले, पाचवा वर उडाला. दुसऱ्या पानावर उतरवताना मी त्याला हळूच खाली घेतला. तेव्हा मनाला काही टोचलंसुद्धा नाही. आमच्याकडे याला रीडिंग बसवणं म्हणतात. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत बाबा टेबलांमधून फिरायचे आणि जाता जाता पुटपुटायचे, "चौथं जरा खाली घे." त्यांच्या हाताखालचं एकही पोर नापास झालेलं नाही.

फाडलेलं पान मी शनिवारी शोधलं. आमच्या घरात पाठकोरा कागद टाकत नाहीत, फळीवर अंथरतात. इथल्या वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात माझ्या वाट्याच्या फळीवर, तेलाच्या बाटलीखाली ते होतं. मधोमध तेलाचा गोल आणि त्या गोलात पाचवा आकडा अगदी स्वच्छ. त्याच्याखाली दोन रेघा, पुढे प्रश्नचिन्ह. ते मीच काढलं होतं. म्हणजे त्या दिवशी मला प्रश्न पडला होता, आणि संध्याकाळपर्यंत मी तो मिटवून टाकला होता.

मी बाबांना फोन लावला. ईमेलचं त्यांना आधीच सांगितलं होतं.

"पान सापडलं, बाबा."

"मग सुटलीस की."

"त्यात पाचवा आकडा वेगळा आहे."

"किती वेगळा?"

"कुणालाही दिसेल इतका."

"मग ते सापडलंच नाही असं समज. वहीची मागची पानं कोरी आहेत ना? त्यातलं एक काढ. पेन तेच घे. घाईघाईत लिही, दोन ठिकाणी खोड, आणि वर तेलाचं बोट लाव. तपासणीच्या आधी आम्ही अख्ख्या वर्गाची रफ पानं अशी केलीयत."

"आणि कळलं तर?"

"आजवर कुणाला कळलंय?" ते म्हणाले. पण आवाज नेहमीसारखा नव्हता. ते माझ्याइतकेच घाबरले होते.

रविवारी मी पान लिहायला बसले. हाताला काही सांगावं लागलं नाही. कुठे खोडायचं, कुठे अक्षर तिरकं जाऊ द्यायचं, सगळं त्याला येत होतं. दोन्ही पानं पलंगावर शेजारी शेजारी ठेवली, तर नवं पान खऱ्यापेक्षा खरं दिसत होतं. तेवढ्यात शेजारच्या खोलीतली मुलगी इस्त्री मागायला आली आणि मी दोन्ही पानांवर बसले. ती इस्त्री घेऊन गेली तरी मी उठले नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं.

आतापर्यंत मी पकडली जाईन म्हणून घाबरत होते. त्या पानावर बसल्या बसल्या वाटलं, नाही पकडली जाणार. आणि मग जी भीती वाटली, ती आधीच्या भीतीहून मोठी होती. मला पुढे पिण्याच्या पाण्याच्या तपासणीचं काम करायचं होतं. तिथेही एखादा आकडा उडाला तर माझा हात त्याला मुकाट्याने खाली घेईल, आणि लोक ते पाणी पितील. माझा हात जराही थरथरला नव्हता. मला त्याचीच भीती वाटायला लागली.

तरीही मंगळवारी मी फाइलमध्ये दोन्ही पानं ठेवली. उगाच शूर होते असं सांगत नाही.

खोली लहान होती. टेबलापलीकडे आमचा प्रयोग घेणाऱ्या मॅडम, त्यांच्याजवळ एक टक्कल असलेले सर आणि कोपऱ्यात सगळं लिहून घेणारी कारकून बाई. खिडकीखाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं.

"पान मिळालं का?" मॅडमनी विचारलं.

डाव्या बाजूला खरं, उजव्या बाजूला नवं. बोटं आधी उजवीकडे गेली. तो कागद कोरा करकरीत लागला. मग मी डावीकडचा तेलकट कागद ओढला आणि टेबलावर ठेवला.

"पाचवा आकडा मी बदलला," मी म्हणाले. "रेघ सरळ यावी म्हणून."

मॅडमनी पान उचललं, उजेडात धरलं, तेलाच्या गोलाकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी अकरा आलेख टेबलावर मांडले. वर्गातल्या बाकी सगळ्यांचे. प्रत्येकात पाचवा बिंदू वर उडालेला.

"पाचव्या बाटलीत मी मुद्दाम जास्त रंग घातला होता," त्या म्हणाल्या. "दरवर्षी कुठल्यातरी एका बाटलीत घालते. जे दिसलं तेच कोण लिहितं, ते बघायला. सरळ रेघ फक्त तुमची आली."

फाइलमधल्या नव्या पानावरही पाचवा आकडा खाली घेतलेलाच होता. ते पुढे केलं असतं तर त्याच क्षणी सगळं संपलं असतं. मी फाइल छातीशी घट्ट धरली.

"हे करायला कुणी शिकवलं?" टक्कलवाल्या सरांनी विचारलं. आवाज रागाचा नव्हता. कारकून बाईंचं पेन थांबलं होतं.

मला फळ्याचा कोपरा दिसला.

"कुणी नाही," मी म्हणाले. "माझं मीच."

बाईंनी ते लिहून घेतलं.

अर्ध्या तासाने निकाल सांगितला. त्या प्रयोगाला शून्य. तो पुन्हा करायचा, शाईने लिहायचा, एकही पान फाडायचं नाही. सेमिस्टर राहिलं.

बाहेर पायरीवर बसून मी बाबांना फोन केला. राहिलं म्हटल्यावर त्यांनी इतका लांब श्वास सोडला की मला रडू आलं. मग मी सगळं सांगितलं, पाचव्या बाटलीसकट.

"कुणी शिकवलं, असं विचारलं असेल ना त्यांनी?"

"विचारलं."

"मग?"

"कुणी नाही म्हटलं."

"म्हणजे तेही बसवलंसच," बाबा म्हणाले.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सांगायचं होतंस, ठमे."