मदतीचं बटण

दिवाळे गावातला धनेश ऐरोलीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. खाडीत मासे धरणाऱ्या गावकऱ्यांसाठी त्याने एक ॲप करायला घेतलं. त्यात भरती-ओहोटीच्या वेळा होत्या, वाऱ्याचा अंदाज होता आणि अडचणीत दाबायचं एक लाल बटण होतं. ते दाबलं की घरच्यांना होडीची जागा सांगणारा मेसेज जाणार होता, तोही इंटरनेटशिवाय, साध्या रेंजवर.

कंपनीतली राजश्री त्याला मदत करत होती. धनेशला ॲप हलकं हवं होतं, म्हणून त्याने प्रत्येक सोय सुट्या मॉड्यूलमध्ये ठेवली. जी लागेल ती पहिल्यांदा वापरताना नेटवरून उतरणार.

"बाकीचं सुटं राहू दे," राजश्री म्हणाली. "पण हे बटण मूळ ॲपमध्येच कंपाइल कर, म्हणजे ते आधीपासून फोनमध्ये असेल. ऐन वेळी नेट नसलं तर?"

"त्याच्यासोबत खाडीचा नकाशाही येतो, ॲप तिप्पट होईल. आमच्या लोकांचे फोन जुने आहेत, जागा संपली की ते आधी ॲपच उडवतात."

तेही खरं होतं. बटण सुटंच राहिलं.

धनेशला लहानाचं मोठं केलं ते दादूकाकाने. काकाला वाचता येत नव्हतं, म्हणून धनेशने त्याला बटणाचा रंग दाखवला. "काय झालं तर हे दाब. मी येतो."

"दाबून बगू?"

"नको, उगाच सगळ्यांना मेसेज जाईल."

थंडीत एके दिवशी काका एकटाच होडी घेऊन गेला आणि दुपार झाली तरी परतला नाही. शेजारचा पोपट शोधायला निघाला, तेव्हा होडी तिवरांच्या झाडीत अडकलेली दिसली. काका जाळ्यावर निपचित पडला होता. हृदय बंद पडलं होतं. फोन मुठीतच होता. पोपटाने बोलावल्यावर धनेश तिथे आला आणि त्याने तो उघडला. लाल बटणाखाली अक्षरं होती : 'लोड होत आहे'. साधी रेंज होती, नेट नव्हतं.

मदत वेळेवर पोचली असती की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

दहावं झाल्यावर काकाच्या बायकोने, चंद्राकाकीने विचारलं, "तुजं बटन दाबलं होतं का त्यांनी?"

धनेशने काही लपवलं नाही. बटण का चाललं नाही, तेही सांगितलं.

"मंग त्यांना वाटलं आसंल, तू येतोस," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

धनेशने आणि राजश्रीने बटण मूळ ॲपमध्ये कंपाइल केलं. ॲप जड झालं आणि बऱ्याच फोनमध्ये मावेना. मग धनेश सुट्टीच्या दिवशी जेट्टीवर बसून लोकांच्या फोनमधले नको असलेले व्हिडिओ काढून जागा करून देऊ लागला. एकदा काकीही ॲप टाकून घ्यायला आली. त्याने तिचा फोन चाळला. आत फोटोंशिवाय काहीच नव्हतं.

"यात त्यांचे फोटू हायत," काकी म्हणाली. "ते काडू नको."

"मग ॲप बसणार नाही, काकी."

"नाय तर नाय."

तिने फोन परत घेतला आणि मासळीची पाटी उचलून बाजाराकडे निघाली.