कुठी नाही

आमच्या जानकी लेआउटमधून सकाळी जवळपास कुणीच कुठे जात नाही, असं एका सरकारी कागदावर लिहिलं गेलं. सव्वातीनशे घरांची वस्ती आणि सगळे घरी बसून खातात! हा पराक्रम माझ्या सासूचा. पण नुसतं तिचं नाव घेऊन मोकळं होता येणार नाही, त्यात माझाही वाटा आहे.

नागपूरची मेट्रो आमच्या बाजूला प्रजापती नगरला येऊन थांबते. तिथून पुढे घरी यायचं म्हणजे भंडारा रोडनं शेअर ऑटो. तिघांच्या सीटवर पाच जण, एक पाय बाहेर, आणि बाजूनं जाणाऱ्या ट्रकची चाकं आपल्या डोक्याएवढी. ही लाईन पुढे वाढवायची ठरली तेव्हा आमच्या चौकात स्टेशन द्यायचं की नाही, हे ठरवायला आधी माणसं मोजणार असं कळलं. सकाळी कोण कुठे जातं, कशानं जातं, किती वाजता परत येतं, एवढंच विचारणार होते.

त्यासाठी फेब्रुवारीत मिनल नावाची मुलगी आली. गळ्यात कार्ड, हातात टॅब. लेआउटचा रस्ता जिथे मोठ्या रोडला लागतो तिथे कडुनिंब आहे, आणि कडुनिंबासमोर आमचं गेट. गेटाच्या आत खुर्ची टाकून माझी सासू, वच्छलाबाई, सकाळी सहापासून बसलेली असते. तिनं त्या मुलीला सावलीत दुसरी खुर्ची दिली, चहा दिला, चिवडा दिला. मिनल खूश. आणि मग ती येणाऱ्या-जाणाऱ्याला फॉर्मवरचा पहिला प्रश्न विचारायला लागली, "नमस्कार, कुठे चाललात?"

आता बाहेर निघालेल्या माणसाला 'कुठे चाललात' म्हणून विचारू नये, हे आपल्याकडे कुणाला माहीत नाही? टोकलं की काम फसतं. फार तर 'दूर चालले का?' म्हणावं. बहुतेक घरांत ही गोष्ट आता म्हणण्यापुरती उरली आहे, पण आमच्या सासूबाईंनी तिचा कायदा केला होता. कुणी कुणाला टोकलेलं तिच्या कानावर पडलं की ती त्या माणसाला हाक मारून आत बोलवायची, ओट्यावर बसवायची, माठातलं दोन घोट पाणी पाजायची आणि मगच सोडायची. ती विणकराच्या घरची. चाळीस वर्षं सुताच्या कांड्या भरल्या, माग चालवला. "टोकलं म्हंजे धागा तुटला," ती म्हणायची. "थांबाचं, गाठ माराची, मंग पुढं जाचं. तसंच रेटलं का साडी गेली कामातून."

लोक तिला हसायचे नाहीत. आठ वर्षांपूर्वी तिचा मुलगा, म्हणजे माझा नवरा हेमराज, याच भंडारा रोडवर मोटारसायकलवरून जाताना ट्रकखाली गेला होता. त्या बाईपुढे कोण वाद घालणार?

त्यामुळे ती गेटात बसलेली असताना आणि ती मुलगी 'कुठे चाललात' म्हणत असताना लोकांनी एकच केलं. लेआउट समितीचे अध्यक्ष रुपराव डोक्यात हेल्मेट, हँडलला डबा, अशा थाटात आले आणि म्हणाले, "कुठी नाही, असाच." पिंटू इलेक्ट्रिशियन खांद्यावर वायरचं बंडल घेऊन म्हणाला, "कुठी नाही बाप्पा, इथंच." कॉलेजच्या मुली दप्तरासकट कुठी जात नव्हत्या. आणि मी? सात वर्षांपासून सीताबर्डीला साडीच्या दुकानात नोकरी, अंगावर दुकानाची ठरलेली साडी, पर्समध्ये मेट्रोचं कार्ड. मिनलनं विचारलं, मी गेटाकडे पाहिलं आणि "कुठी नाही" म्हणून ऑटोकडे पळाले. माणूस सांगेल तेच लिहायचं असा तिला नियम होता. तिनं तीन दिवस 'प्रवास नाही' लिहिलं.

पंधरा दिवसांनी रुपराव संध्याकाळी घरी आले. चेहरा पडलेला. "वहिनी, आपला चौक कटला. स्टेशन तिकडं अडीच किलोमीटर पुढं देऊन राहिले. म्हणतात, तुमच्या इथून जाणारे फक्त एकोणीस लोकं हाय."

मी आधी हसले. हसता हसता मला रडू यायला लागलं तेव्हा रुपराव घाबरले.

त्याचं कारण रितिका. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. लाईन पाच वर्षांत होईल म्हणतात, आणि पाच वर्षांनी ती अठराची होते. हे गणित मी कुणालाही न सांगता करून ठेवलं होतं. अठराची झाली की कॉलेज, कॉलेज म्हटलं की तिला स्कूटर हवी, ते ती आताच बोलून दाखवते. मी तिला त्या रोडवर दोन चाकांवर सोडू शकत नाही. तिचे वडील मी तिथून चादरीत आणलेले पाहिले आहेत. चौकात स्टेशन झालं तर ती घरातून निघून पायी पाच मिनिटांत वर चढेल आणि ट्रक तिच्या खालून जातील. मला आयुष्यात बाकी काही नको होतं.

रुपरावांनी चकरा मारून मारून एक दिवस मिळवला. सोमवारी सकाळी पुन्हा मोजायचं, फक्त एकदा. "आता तुमच्या सासूचं तुम्ही पाहा," म्हणून ते मोकळे झाले. अध्यक्ष असे असतात.

रविवारी दुपारी रितिका मैत्रिणीकडे गेली होती. सासू सुपात तांदूळ निवडत होती. मी समोर बसले.

"आई, उद्या सकाळी तुम्ही गेटात बसू नका."

"काहून?"

"तुम्ही बसल्या का कोणी खरं सांगत नाही."

"नाही तं नाही. मी मेल्यावर इचारा ज्याले जे इचाराचं हाय ते."

"अन् रितिका? पाच वर्सांनी ते कशानं जाईन? त्याच रोडनं?"

"तिच्यासाठीच तं करतो मी," ती म्हणाली. सूप थांबलं. "तिले कोनी टोकू नये. हेमराजले त्या दिवशी टोकलं होतं."



त्या दिवशी तो रोजच्यापेक्षा एक तास आधी निघाला होता. मी कणीक मळत होते. बुटांचा आवाज आला म्हणून आतूनच ओरडले, "कुठी चालले इतक्या लवकर?" तो हसला. "टोकलंस का वं," म्हणाला, "आता बसायले टाईम नाही." आणि गाडीला किक मारली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आठ वर्षं ही बाई गेटात बसून लोकांना पाणी पाजत होती आणि मला वाटायचं, ती त्या टोकणाऱ्याला शोधते आहे. एक दिवस तिची नजर माझ्यावर येऊन थांबेल, या भीतीत मी तिच्याशी कधी वर मान करून भांडले नाही. माझं सगळं शहाणपण, सगळा आज्ञाधारकपणा त्या भीतीतून आला होता.

"मीच टोकलं होतं," मी म्हटलं. "सैपाकघरातून. मीच."

तिनं तांदळातला एक खडा उचलला आणि बाजूला ठेवला. "माहीत हाय मले."

"तुम्हाले माहीत होतं?"

"न्हानीत होती ना मी. आंघोळ करून राहिली होती. सारं ऐकू आलं."

"मंग बोलल्या काहून नाही? एवढी वर्सं?"

"तुले बोलून काय होनार होतं? तुले पाच वर्साचं लेकरू पोसाचं होतं." ती माझ्याकडे न पाहता बोलत होती. "अन् तू तं सैजच इचारलं वं. बायको नवऱ्याले इचारनार नाही तं कोन इचारनार? पन मी मोठी होती. मले समजत होतं. आवाज द्याचा, थांब रे बाबू म्हनाचं, पानी पाजाचं. मी म्हटलं, अंगाले साबन हाय, जाऊ दे, रोजचाच जाते. अन् अंगावर पानी घेत राहिली."

म्हणजे ती शोधत कुणालाच नव्हती. जी एक हाक तेव्हा मारली नाही, ती आठ वर्षं रोज दुसऱ्यांच्या मुलांना मारत होती. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्यानं रडले. तीही रडली, पण सूप हातातून सोडलं नाही. थोड्या वेळानं तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "ऊठ, पोरगी येते आता."

सोमवारी सकाळी सहाला ती गेटात नव्हती. ती गेटाबाहेर, कडुनिंबाखाली, मिनलच्या शेजारी बसली होती. जवळ तिवईवर माठ, माठावर स्टीलचा ग्लास. मला वाटलं, झालं, आता पुन्हा तेच. पहिले रुपराव आले. मिनलनं प्रश्न विचारला. रुपरावांनी सवयीनं सासूकडे पाहिलं.

"पाहून काय राहिला गा?" ती खेकसली. "खरं सांग तिले. अन् सांगून झालं का इकडं ये, पानी पी, मंग जाय."

रुपराव घडाघडा बोलले. कळमना, धान्याचं दुकान, आठ ते सहा. मग माठाशी आले, ओट्याऐवजी दगडावर टेकले, दोन घोट प्यायले आणि गेले. मग पिंटू. मग कॉलेजच्या मुली. साडेसातपर्यंत माठापुढे रांग लागली. पहिल्यांदाच कळलं की आमच्या लेआउटमधली माणसं कुठे कुठे जातात. कुणी महालात शिकवायला, कुणी हुडकेश्वरला बांधकामावर. मिनलची बोटं टॅबवर पुरत नव्हती. सासू ग्लास भरत होती, विसळत होती, पुन्हा भरत होती, आणि प्रत्येकाला नावानं "जाय बाबू", "जाय माय" म्हणत होती. मधे रितिकानं घरातून दोन बादल्या आणून माठात ओतल्या आणि शाळेत गेली. तीही विचारल्यावर सांगून, पाणी पिऊन गेली.

आमच्या चौकाचं नाव पावसाळ्यानंतर यादीत परत आलं. स्टेशन प्रत्यक्ष उभं राहील तेव्हा खरं, पण नाव आलं.

त्या सकाळी मी सगळ्यात शेवटी निघाले. दुकानाची साडी, पर्स, डबा. मिनल मान खाली घालून आधीचं काहीतरी भरत होती, तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी थांबले. तेवढ्यात सासू खुर्चीतून माझ्याकडे पाहून, अख्ख्या रोडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"कुठी चालली वं वंदना?"

लग्नाला पंधरा वर्षं झाली. त्या बाईनं मला हे कधी विचारलं नव्हतं.

"सीताबर्डीले, आई. दुकानात. साडेसहाले परत येतो."

"लिही वं पोरी," तिनं मिनलला सांगितलं.

मी सवयीनं माठापुढे हात केला. तिनं माठ माझ्याकडे तिरपा करून दाखवला. तळाशी घोटभरही पाणी नव्हतं. मी घरातून आणायला वळले तर तिनं माझं मनगट धरलं.

"राहू दे. ऑटो निघून जाईन तुहा. जाय, तशीच जाय."

मी तशीच गेले. ऑटोत बसून मागे पाहिलं, तर ती कडुनिंबाखाली उभी राहून माझ्याकडे पाहून हात हलवत होती.