एलिएसेरने फुकट दिलेला ड्रायव्हर

एलिएसेर काही फुकट देतो, यावर आमच्या सिएनफुएगोस शहरात शेंबडं पोरसुद्धा विश्वास ठेवणार नाही. वीस वर्षांचा शेजार आमचा. एक स्क्रू उसना दिला तरी तीनदा आठवण करून देणारा माणूस. त्यामुळे गुरुवारी सकाळी त्याने माझ्या जुन्या मॉस्कविच गाडीच्या बॉनेटवर एक सर्किट ठेवलं आणि "घे, तुला देऊन टाकलं" म्हणाला, तेव्हा मला वाटलं, इथे नक्की पाणी मुरतंय.

हेडलाइट मी घरीच बनवत होतो. एलईडी थंड राहावेत म्हणून फुटक्या प्रेशर कुकरचं बूड कापून त्यावर बसवले होते. अडलं होतं ते ड्रायव्हरपाशी, म्हणजे एलईडीला बेताचाच करंट सोडणाऱ्या सर्किटपाशी. दुसऱ्या दिवशी गाडीची सरकारी तपासणी होती. नापास झालो की टॅक्सी बंद, आणि आमची चूल त्या टॅक्सीवरच पेटते. मी सरळ एक जाडजूड रेझिस्टर लावणार होतो. रेझिस्टर मठ्ठ असतो, पण दगा देत नाही.

"रेझिस्टर?" एलिएसेर हसला. "इंजिन रेस केलंस की व्होल्टेज चढेल आणि दिवे भाजून निघतील, लेका. याच्यातून करंट कायम तेवढाच."

"एवढा गुणाचा आहे तर स्वतःच्या गाडीला लाव ना."

"तिचाच काढलाय."

आता तर माझं डोकंच फिरलं. स्वतःच्या गाडीचे दिवे आंधळे करून माझ्यावर उपकार?

"देवाने वर दिला तरी तू त्याला पावती मागशील," माझी बायको मिरेलिस म्हणाली.

तो गेल्यावर मी सर्किट जोडून मीटर लावला. इंजिन मंद ठेवून मोजलं, रेस करून मोजलं. आकडा तसूभरही हलला नाही. खोट सापडली असती तर बरं वाटलं असतं. सर्किट उपटून मी तडक त्याच्या घरी गेलो.

"बदल्यात काय हवंय? खरं बोल."

त्याने दार लोटलं. "हळू. आई मागे आहे." मग म्हणाला, "रविवारी चाललोय. गाडी विकली."

कुठे, ते विचारायची गरज नव्हती. आमच्याकडे देश सोडून जाणारा माणूस दिवस कुणालाच सांगत नाही, सांगितला की कुणीतरी मोडता घालतं. पण मला नाही सांगितलं, याचा राग आलाच.

"आणि ओर्तेंसियाकाकू?"

"बहीण येईल सोबतीला. पण डायलिसिसला आठवड्यातून तीनदा कोण नेणार? पहाटे पाचला निघावं लागतं, रस्त्यावर वीज नसते." तो माझ्याकडे बघेना. "तुझ्या त्या रेझिस्टरच्या भरवशावर आईला सोडू?"

म्हणजे माझा संशय खरा होता. मला स्वतःची लाज वाटली.

मागचं दार उघडलं. काकू भिंतीला धरून उभ्या होत्या. "काय कुजबुजताय रे दोघं?"

"काही नाही, काकू," मी म्हणालो. "सोमवारी तुम्हाला दवाखान्यात मी नेतोय. माझ्या गाडीला नवे दिवे लागतायत."

त्यांनी माझ्या हातातलं सर्किट पाहिलं, मग पोराच्या खाली घातलेल्या मानेकडे बराच वेळ पाहिलं. आणि प्रश्न मला विचारला.

"कधी जातोय हा?"